न केलेली तक्रार: लहान मुलांच्या पहिल्या चष्म्याचा इतिहास

#थ्रेड

१/
मराठीत चष्म्याला 'चाळिशी' असा एक जुना शब्द आहे. वयाची चाळीस वर्षे उलटली की जवळचे अक्षर दिसेनासे होते, तेव्हा नाकावर जी वस्तू चढते ती चाळिशी. आज हा शब्द कथा-कादंबऱ्यांतील आजोबांपुरता उरला आहे; परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्याच्याकडे पुरावा म्हणून पाहावे. शब्दातच वय आहे. ज्या समाजाने तो घडवला, त्याच्यासमोर चष्मा म्हटले की पोक्त माणूस उभा राहत होता. सात वर्षांचे मूल त्या चित्रात नव्हते.

२/
मग पूर्वी सगळ्याच मुलांना लख्ख दिसत होते काय? तसे मानण्यास आधार नाही. निकटदृष्टिता, दूरदृष्टिता, तिरळेपणा हे दोष जुने आहेत. चष्माही जुना आहे, तब्बल सातशे वर्षांहून अधिक. तरीही चष्मा आणि लहान मूल यांची गाठ पडायला जवळजवळ सहाशे वर्षे लागली. भिंगे होती, कारागीर होते, गरजू मुले होती. अडले कोठे, हे पाहण्यासारखे आहे.

३/
चष्म्याचा शोध इटलीत इ. स. १२८६ च्या सुमारास लागला. पुरावा मोठा गमतीचा आहे. फेब्रुवारी १३०६ मध्ये जॉर्दानो दा पिसा या धर्मोपदेशकाने फ्लॉरेन्स येथील प्रवचनात सांगितले की, ही कला सापडून अजून वीस वर्षेही झालेली नाहीत. १३५२ मध्ये तोमासो दा मोदेना या चित्रकाराने त्रेविझो येथील भित्तिचित्रात एका धर्माधिकाऱ्याच्या नाकावर चष्मा रंगवला. ते चित्र आजही पाहता येते. हे सारे चष्मे बहिर्गोल भिंगांचे, म्हणजे वृद्धदृष्टितेवरचे. वाचणारे, हिशेब लिहिणारे, पोथ्यांच्या नकला करणारे प्रौढ पुरुष हेच त्यांचे गिऱ्हाईक.

४/
भारतातील आरंभीचा उल्लेखही ग्रंथ वाचणाऱ्या ज्येष्ठाचाच आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी चष्म्याच्या भारतीय इतिहासाचा कसून मागोवा घेतला होता. विजयनगरच्या दरबारात मान असलेले माध्व आचार्य व्यासतीर्थ (निधन १५३९) ग्रंथवाचनासाठी चष्मा वापरत, हा सोमनाथ कवीच्या 'व्यासयोगिचरिता'तील उल्लेख त्यांनी पुढे आणला. साठीच्या आसपासचा विद्वान संन्यासी आणि हातात पोथी. पुढे मराठीत जो शब्द रूढ झाला तोही याच चित्राला साजेसा.

५/
दूरचे दाखवणारी अंतर्गोल भिंगे पंधराव्या शतकात आली. १४६२ मध्ये मिलानचा ड्यूक फ्रांचेस्को स्फोर्झा याने फ्लॉरेन्समधून तीन डझन चष्मे मागवले. मागणीपत्रात वाटणी स्पष्ट आहे: एक डझन दूरचे पाहण्यासाठी, म्हणजे तरुणांना, एक डझन जवळचे पाहण्यासाठी, म्हणजे वृद्धांना, आणि उरलेले डझनभर सामान्य दृष्टीच्या लोकांसाठी.

येथे 'तरुण' म्हणजे दरबारी तरुण. शिकारीला जाणारे, मेजवानीत पलीकडच्या टोकाला कोण बसले आहे हे पाहू इच्छिणारे. तरीही ही ऑर्डर महत्त्वाची आहे. कमी वयाच्या डोळ्यांनाही भिंग लागते, हे १४६२ मध्ये व्यापाऱ्यांना ठाऊक होते.

६/
ज्ञानही पुढे सरकत होते. योहानेस केप्लर (ज्याची स्वतःची दृष्टी लहानपणीच्या देवीच्या आजाराने अधू झाली होती) याने १६०४ मध्ये डोळ्याच्या पडद्यावर प्रतिमा कशी पडते आणि अंतर्गोल भिंग निकटदृष्टीच्या माणसाला का उपयोगी पडते, याचे विवेचन केले. १६२३ मध्ये सेव्हिल येथील बेनितो दासा दे वाल्देस याने चष्म्याच्या भिंगांची शक्ती मोजण्याची पद्धत ग्रंथबद्ध केली.

विक्रीची रीत मात्र तीच राहिली. फेरीवाल्याच्या पेटीत किंवा दुकानाच्या फळीवर चष्मे मांडलेले. गिऱ्हाईकाने एकेक लावून पाहायचा आणि बरा वाटेल तो घ्यायचा.

७/
मुले बाहेर राहिली त्याचे एक कारण या रीतीत आहे. 'बरा वाटेल तो' निवडण्यासाठी आधी चांगले दिसणे कसे असते ते ठाऊक असावे लागते. पंचेचाळिशीच्या लेखनिकाला ते ठाऊक असते. त्याला कालपर्यंत दिसत होते, आज दिसत नाही. जन्मापासून किंवा पाच-सहा वर्षांच्या वयापासून ज्याला झाडाची पाने वेगळी दिसलीच नाहीत, त्याच्या दृष्टीने झाड म्हणजे हिरवा ढगच. ते मूल तक्रार करत नाही. तुलनेला त्याच्याजवळ दुसरे काही नसते.

८/
याचा अतिशय बोलका दाखला १८१३ चा आहे. जेम्स वेअर या लंडनमधील नेत्रवैद्याने रॉयल सोसायटीपुढे जवळच्या व दूरच्या दृष्टीविषयी एक निबंध सादर केला. त्याने ऑक्सफर्डच्या एका महाविद्यालयातील १२७ विद्यार्थ्यांची माहिती मिळवली होती. त्यांतील ३२ जण चष्मा किंवा हातात धरायचे भिंग वापरत होते. याउलट राजाच्या पायदळ रक्षक दलात सुमारे १०,००० शिपाई असूनही, जवळजवळ वीस वर्षांत दृष्टिदोषापायी काढून टाकलेले अर्धा डझनही नव्हते.

मग वेअर चेल्सी येथील लष्करी शाळेकडे वळला. तेथे १,३०० मुले. निकटदृष्टीची तक्रार या शाळेत कधी झालीच नव्हती. वेअरने स्वतः विषय काढला, तेव्हा तीन मुलांनी आपल्याला त्रास होतो असे सांगितले.

९/
तेराशेत तीन. वेअरने यावरून असा निष्कर्ष काढला की हा दोष सुशिक्षित, वरच्या वर्गात अधिक असतो. त्यात तथ्य होतेच. परंतु शिपायांच्या मुलांच्या त्या शाळेत कोणाचे डोळे तपासले गेले नव्हते. केवळ विचारणा झाली होती, आणि विचारणा होईपर्यंत एकही आवाज उठला नव्हता. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्याला निदान दुकानात जाऊन भिंग लावून पाहता येत होते. आकड्यांच्या या जोडीत दृष्टिदोषाइतकीच ऐपतही मोजली गेली आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

१०/
त्या काळचे वैद्यकही मुलांच्या फारसे कामाचे नव्हते. चष्मा ही दुकानदाराची बाब, वैद्याची नव्हे, असा सर्वसाधारण समज होता. वाचू लागले की काही वेळाने अक्षरे पुसट होतात, डोके दुखते, थोडा विसावा घेतला की पुन्हा दिसते अशा लक्षणांची जी मुले येत, त्यांच्यासाठी 'दुर्बल दृष्टी' असे एक गोळाबेरीज निदान होते. ग्लासगोचा विल्यम मॅकेन्झी हा त्या पिढीतील नामांकित नेत्रवैद्य. अशा रुग्णांना तो बैठे काम सोडा, मोकळ्या हवेतला व्यवसाय धरा, असा सल्ला देई. ऑस्ट्रेलियात जाऊन मेंढपाळ व्हावे, इथपर्यंत त्याची मजल जाई.

विनोदी वाटते खरे. पण पुस्तकावर प्रेम असलेल्या दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत या सल्ल्याचा अर्थ शिक्षण संपले एवढाच होता. प्रत्यक्षात यांपैकी अनेकांना दूरदृष्टिता होती आणि एका बहिर्गोल भिंगाने त्यांचे काम झाले असते.

११/
ही कोंडी फोडली ती हॉलंडमधील उत्रेख्त शहराने. फ्रान्सिस्कस डॉन्डर्स याचा समायोजन व अपवर्तनाच्या दोषांवरील महाग्रंथ १८६४ मध्ये लंडनहून इंग्रजीत प्रसिद्ध झाला. दूरदृष्टिता आणि म्हातारपणची वृद्धदृष्टिता हे दोन निराळे दोष आहेत, हे त्याने नि:संदिग्धपणे मांडले. बहिर्गोल भिंग म्हणजे म्हाताऱ्यांचे, ही पाच शतकांची समजूत येथे मोडली. आपल्या 'चाळिशी' या शब्दाच्या मुळाशी असलेली समजूत ती हीच.

१२/
डॉन्डर्सचे आणखी एक म्हणणे लहान मुलांच्या दृष्टीने फार मोलाचे होते. डोळे आत वळलेली अनेक तिरळी मुले मुळात दूरदृष्टी असतात, असे त्याने दाखवले. जवळचे स्पष्ट दिसावे म्हणून मूल डोळ्यांवर अतोनात ताण देते आणि त्या ताणासरशी डोळे नाकाकडे ओढले जातात. योग्य भिंग दिले की ताण उतरतो, आणि काही मुलांचे डोळे चष्म्यामागे सरळ होतात.

तिरळेपणावर चांगला डोळा झाकून दुसऱ्याला कामाला लावण्याचा उपाय फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ याने १७४३ मध्येच सुचवला होता. आज 'आळशी डोळ्या'वर पट्टी लावतात ती याच परंपरेतली. येथे वेळेला फार किंमत आहे. मेंदू बघायला शिकतो तो बालपणातच. साधारण सात-आठ वर्षांनंतर दुर्लक्षित डोळ्याला जागे करणे अधिकाधिक कठीण होत जाते. मोठेपणी आणून दिलेला चष्मा ती भरपाई पूर्णपणे करू शकत नाही.

१३/
डॉन्डर्सचा सहकारी हर्मन स्नेलेन. डॉक्टरच्या भिंतीवर वरून खाली लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा जो तक्ता आपण पाहतो तो त्याचा, १८६२ चा. सहा मीटरवर उभे राहायचे. निरोगी डोळा साठ मीटरवरून वाचू शकेल एवढेच मोठे अक्षर जर सहा मीटरवरून वाचता येत असेल, तर दृष्टी ६/६०. दिसणे हा अनुभव येथे संख्येत उतरला. मुलाने 'मला नीट दिसत नाही' असे म्हणण्याची आता वाट पाहावी लागत नव्हती. ते कितव्या ओळीवर अडले, एवढे पुरेसे होते.

१४/
ज्याला अक्षरओळख नाही त्याचे काय? त्यासाठी 'ई' हे इंग्रजी अक्षर वेगवेगळ्या दिशांना वळवलेला तक्ता आला; काटे कोणत्या बाजूला आहेत ते बोटांनी दाखवायचे. आणि १८७३ मध्ये फ्रान्समधील लील येथे क्युइन्ये या लष्करी डॉक्टरने डोळ्यात प्रकाश टाकून बाहुलीतील छायेच्या हालचालीवरून दोष ओळखण्याची रीत वर्णन केली. तिच्यातूनच पुढे रेटिनोस्कोपी विकसित झाली. या पद्धतीत मुलाने एक शब्दही बोलावा लागत नाही. दोन वर्षांच्या बालकाला चष्म्याचा नंबर कसा काढून देतात, हे कोडे अनेकांना पडते. त्याचे उत्तर हे आहे.

१५/
साधने हाती आली. आता शाळेत जाऊन तपासायचे कोणी? हे काम ब्रेस्लाउ (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथील हर्मान कोन या तरुण नेत्रवैद्याने अंगावर घेतले. १८६५-६६ मध्ये त्याने १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासले आणि १८६७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

खेड्यातील शाळांत निकटदृष्टीची मुले १.४ टक्के. शहरातील प्राथमिक शाळांत ६.७ टक्के. जिम्नॅशियम, म्हणजे विद्यापीठाची वाट दाखवणाऱ्या वरच्या दर्जाच्या शाळांत २६.२ टक्के. इयत्ता जितकी वरची, तितका दोष अधिक.

१६/
युरोपला धक्का बसला. ज्या प्रशियन शिक्षणपद्धतीचे जगभर गोडवे गायले जात होते, तीच मुलांचे डोळे बिघडवते की काय? कोनने बोट ठेवले ते अंधाऱ्या वर्गांवर आणि चुकीच्या मापाच्या बाकांवर, ज्यांवर मूल वहीत नाक खुपसूनच लिहू शकते. रस्ता जितका अरुंद, समोरची इमारत जितकी उंच, तितकी त्या शाळेत निकटदृष्टी अधिक, असेही त्याने नोंदवले. पुढील अनेक दशके बाकाची उंची, उतार आणि खिडकीचे क्षेत्रफळ यांवर जर्मन भाषेत जे प्रचंड लेखन झाले त्याचे उगमस्थान हे १०,०६० डोळ्यांचे जोड आहेत.

कोनच्या कार्यकारणभावावर वाद झाले आणि ते अजून संपलेले नाहीत. पण त्याचे खरे काम वादातीत आहे. चेल्सीत ज्या मुलांना केवळ विचारले गेले होते, तशा मुलांना त्याने एकेक करून तपासले.

१७/
ज्ञान एका शहरात छापले जाते, म्हणून ते दुसऱ्या शहरातील घरात पोहोचते असे नाही. कोनचे पुस्तक निघून दहा वर्षे झाली होती, तेव्हाची ही हकिगत. तिचा नायक आपल्या मुंबईत जन्मला.

३० डिसेंबर १८६५. जे. जे. कलाशाळेतील शिल्पकलेचे अध्यापक लॉकवुड किपलिंग यांना मुलगा झाला: रडयार्ड. घरात पोर्तुगीज रोमन कॅथलिक आया, हिंदू नोकर; मुलाच्या तोंडी इंग्रजीपेक्षा देशी बोली अधिक. त्याच्या साम्राज्यवादी मतांविषयी मोठेपणी जे म्हणायचे ते म्हणता येईल. येथे प्रश्न सहा वर्षांच्या एका मुलाचा आहे.

१८/
अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या रिवाजानुसार १८७१ मध्ये रडयार्ड आणि त्याची धाकटी बहीण ट्रिक्स यांना इंग्लंडमध्ये साउथसी येथील हॉलोवे नामक कुटुंबाकडे ठेवण्यात आले. जाहिरातीवरून शोधलेले, पैसे घेऊन मुले सांभाळणारे घर. आईवडील परत मुंबईला. मुलाला वाचनाचे वेड लागले, आणि याच वर्षांत त्याचे डोळे बिघडत गेले.

'समथिंग ऑफ मायसेल्फ' या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात (१९३७) त्याने हे सांगितले आहे. नीट दिसेना म्हणून तो अधिकच वाचू लागला, तेही अपुऱ्या उजेडात. शाळेतील अभ्यास घसरला. दरमहा येणाऱ्या प्रगतिपत्रकात ते दिसू लागले. शिक्षा म्हणून वाचन बंद.

१९/
एके महिन्याचे प्रगतिपत्रक इतके वाईट निघाले की त्याने ते फेकून दिले आणि मिळालेच नाही असे सांगितले. लबाडी उघडकीस आली. मार बसला; आणि पाठीवर 'खोटारडा' असा फलक बांधून त्याला साउथसीच्या रस्त्यांवरून शाळेत पाठवण्यात आले.

पुढे त्याला नसलेल्या सावल्या दिसू लागल्या. बहुधा मावशीच्या कानावर गोष्ट गेली असावी, असे तो लिहितो. एक गृहस्थ त्याचे डोळे तपासायला आला आणि मुलगा अर्धाआंधळा आहे असे सांगून गेला. त्या घरात हेही सोंगच ठरले. शिक्षा म्हणून त्याला बहिणीपासून वेगळे ठेवले गेले.

१८७७ मध्ये आई भारतातून आली. रात्री निरोपाचा पापा घ्यायला ती खोलीत वाकली, तेव्हा चापट चुकवण्यासाठी मुलाने हात वर केला.

२०/
या घटनेत क्रौर्य आहे, पण इतिहासाच्या दृष्टीने क्रौर्याहून अधिक लक्षणीय आहे ती तिच्यातील तर्कशुद्धता. मुलगा वाचतो, म्हणजे त्याला दिसते. दिसते, तरी शाळेत मागे पडतो, म्हणजे तो आळशी. डॉक्टर काही निराळे सांगतो, म्हणजे मुलाने त्यालाही फसवले. निकटदृष्टीच्या माणसाला हातातले पुस्तक दिसते आणि फळा दिसत नाही, एवढी एकच गोष्ट ठाऊक नसली की पुढील सर्व पायऱ्या बिनचूक भासतात. 'ढ', 'वेंधळा', 'लक्ष नाही', 'ढोंगी' हे शेरे किती पिढ्यांच्या किती मुलांना अशाच तर्काने चिकटले असतील, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात मिळणार नाही.

१८७८ मध्ये किपलिंग डेव्हनमधील निवासी शाळेत दाखल झाला, तो चष्मा लावून. मुलांनी त्याचे नाव ठेवले 'गिगर', घोडागाडीच्या दिव्यांवरून. आपल्याकडचे 'चष्मिस' किंवा 'चार डोळे' हे त्याचेच भाऊबंद.

२१/
याच दशकात न्यूयॉर्कमध्ये थिओडोर रूझवेल्ट नावाचा एक मुलगा वाढत होता. तेरा वर्षांचा असताना त्याला बंदूक मिळाली. बरोबरीची मुले नेम धरत होती ते पक्षी त्याला दिसतच नव्हते. एके दिवशी मित्रांनी दूरच्या फलकावरील जाहिरात मोठ्याने वाचली. आपल्याला ती वाचता येत नाही एवढेच नव्हे, तर तेथे अक्षरे आहेत हेही दिसत नाही, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आले. वडिलांना सांगताच चष्मा मिळाला. तोवर आपण धांदरट ठरलो ते बऱ्याच अंशी डोळ्यांमुळेही, आणि चष्म्याने आपल्यापुढे एक नवे जग उघडले, असे अमेरिकेच्या या माजी अध्यक्षाने १९१३ च्या आत्मचरित्रात नमूद केले आहे.

दोन्ही मुले सुस्थितीतली. एकाचे ऐकले गेले, एकाचे नाही. गिरणी कामगाराच्या किंवा शेतमजुराच्या मुलापर्यंत यातील काहीच पोहोचलेले नव्हते.

२२/
ते पोहोचवण्याचे काम सक्तीच्या शिक्षणाने केले. सर्व मुले एका छपराखाली आणल्याशिवाय तपासणी शक्य नव्हती; आणि फळा आल्याशिवाय दूरचे न दिसणे हा अडथळाही ठरत नव्हता. अमेरिकेतील कनेटिकट राज्याने १८९९ मध्ये शिक्षकांकडून विद्यार्थ्यांची दृष्टी तपासण्याचा कायदा केला. इंग्लंडला जाग आली ती बोअर युद्धात. सैन्यभरतीला आलेल्या तरुणांची शारीरिक अवस्था पाहून राज्यकर्ते हादरले, आणि १९०७ च्या कायद्याने शालेय वैद्यकीय तपासणी सुरू झाली. करुणेपेक्षा साम्राज्याला लागणाऱ्या सैनिकांची चिंता येथे मोठी होती, हे सांगितले पाहिजे.

२३/
भारतातील आरंभ मात्र लंडनच्या आदेशाने झाला नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १९०९ मध्ये, बडोदा शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातील शालेय आरोग्यसेवेचा प्रारंभ म्हणून हेच वर्ष दिले जाते.

तुलना करून पाहावी. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. ब्रिटिश मुलखात मुले शाळेतच यायची होती, तेव्हा बडोद्यात डॉक्टर शाळेच्या दारात उभा होता.

२४/
बडोद्याचा धडा फारसा गिरवला गेला नाही. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने भारतातील शालेय आरोग्यसेवा जवळपास नसल्यातच जमा आहे, असा स्पष्ट निर्वाळा दिला.

आणि घरातील समजुती तर होत्याच. 'एवढ्या लहान वयात चष्मा नको, सवय लागेल', 'चष्मा लावला की नंबर वाढतो', 'मुलीला चष्मा लागला तर पुढे लग्नाचे कसे?' यातील दुसऱ्या समजुतीला निरीक्षणाचा आधार आहे, म्हणून ती टिकाऊ ठरली. वाढत्या वयात नेत्रगोल लांबत जातो आणि निकटदृष्टीचा नंबर चढत राहतो. चष्माही त्याच वयात लागतो. एकापाठोपाठ घडते ते एकामुळे घडते, असा ग्रह होतो. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊन दोष रोखता येतो का, हे मलेशियात मुलांवर अभ्यासले गेले (२००२). कमी नंबर दिलेल्या मुलांची निकटदृष्टी उलट अधिक वेगाने वाढली.

२५/
कोनचा जुना प्रश्नही पुन्हा ऐरणीवर आहे. चीनमधील ग्वांगझौ येथे पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी रोज ४० मिनिटे अधिक उघड्यावर खेळायला सोडले. तीन वर्षांनंतर त्या शाळांत नव्याने निकटदृष्टी आलेली मुले ३०.४ टक्के होती, तर नेहमीच्या वेळापत्रकाच्या शाळांत ३९.५ टक्के (२०१५ मध्ये प्रसिद्ध). अरुंद रस्ते आणि अंधारे वर्ग यांविषयी कोनला जे खटकत होते, त्यात त्याला वाटले त्याहून अधिक अर्थ असावा. बाकाच्या उतारावर खर्च झालेली शाई मात्र बरीचशी वाया गेली म्हणायची.

२६/
१९७६ मध्ये भारताचा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि कालांतराने शाळांतील नेत्रतपासणी त्याचा भाग बनली. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या ज्या दोषांची तपासणी त्यात होते, त्यांत दृष्टिदोष आहे. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाते.

प्राथमिक चाळणीचे काम बहुतेक वेळा शिक्षकाकडेच असते. साहित्य थोडके: सहा मीटर मोजायची फीत आणि वळवलेल्या 'ई'चा तक्ता. एक डोळा तळहाताने झाकायचा, काटे कोणत्या बाजूला ते बोटांनी दाखवायचे. रांगेत मागे उभी असलेली मुले पुढच्याची उत्तरे पाहून पाठ करतात. म्हणून जाणता शिक्षक प्रत्येक मुलाला वेगळ्याच क्रमाने अक्षरे विचारतो.